विचारावे, ऐकावे, सोबत राहावे
घरातले दुःख उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही, ही धार-देवासच्या आपल्या मराठी घरांतली जुनी रीत. तिने दुःख एकाकी होते. ‘मी सर्वांना भार झालो’ असे बोलणे, प्रिय वस्तू वाटून टाकणे, माणसे टाळणे, ही लक्षणे ओळखावीत. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे मायेने, पण स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही, मन मोकळे होते. उपदेश न करता ऐकावे. शेतीची कीटकनाशके कुलुपात ठेवावीत. आवेगाची घटका टळली की पुष्कळदा जीव वाचतो. एकटे न सोडता जिल्हा रुग्णालयात न्यावे. पोलिसांच्या भयाने थांबू नये: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र तणावग्रस्त मानले आहे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही अहोरात्र आहे. पुढेही विचारपूस चालू ठेवणे, हाच खरा शेजारधर्म.