गुलामगिरीविरोधी लढा आणि स्त्रियांचे हक्क

१८४० मध्ये लंडन येथे भरलेल्या जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेत अमेरिकेच्या महिला प्रतिनिधींना, केवळ स्त्रिया असल्यामुळे, कामकाजात सहभाग नाकारण्यात आला. त्यांत ल्युक्रेशिया मॉट होत्या. तेथेच त्यांची एलिझाबेथ केडी स्टँटन यांच्याशी ओळख झाली. इतरांच्या मुक्तीसाठी झटताना स्वतःच्या बंधनांची झालेली ही जाणीव १८४८ मधील सेनेका फॉल्स येथील स्त्री-हक्क परिषदेस कारणीभूत ठरली.

त्याच वर्षी पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. या दोन घटनांचा थेट संबंध नव्हता. विचाराचा धागा मात्र पुढे जुळला. अमेरिकेत १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली. १८७३ मध्ये जोतिरावांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेस अर्पण केला आणि जातिव्यवस्थेला गुलामगिरीच्या पंक्तीत बसवले. १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे यांच्यावर टीका झाली, तेव्हा जोतिराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

जन्मावरून माणसाला हीन ठरवणारी व्यवस्था नाकारायची, तर स्त्रीला त्या मुक्तीतून वगळता येत नाही, हेच या इतिहासाचे सार आहे.