ताणा तुटला, माग थांबला

मागावर बाणा तुटला तर दोष एका आडव्या रेषेपुरता राहतो. ताणा तुटला आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही, तर उभी फट कापडाबरोबर पुढं धावते, एका चादरीतून दुसरीत. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी नावारूपाला आणलेल्या सोलापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली इथली चादर आणि टेरी टॉवेल साध्या मागावर विणताना ही फट हेरायची ती कामगाराच्या नजरेनं, आणि त्याच्या हाती माग असतात एकापेक्षा अधिक.

यावरचा यांत्रिक तोडगा जुना आहे. प्रत्येक ताण्यावर धातूची पातळ पट्टी, म्हणजे ड्रॉप पिन, लटकवायची. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. जपानच्या साकिची टोयोडांनी 1924 मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबे. 1929 मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी घेतले. बिघाड दिसताच काम थांबवायचं, ही पुढं टोयोटाच्या मोटार कारखान्यांची शिस्त झाली. तिचा उगम मागावर आहे, याचा सोलापूरकरांना खास आनंद वाटायला हवा.

पण धागा तुटतो तरी किंवा शाबूत असतो तरी. टॉवेलचं वजन मात्र रोज थोडं कमीजास्त होतं. त्यातला कुठला फरक नेहमीचा आणि कुठला बिघाडाचा? अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी मे 1924 मध्ये त्यासाठी नियंत्रण आलेख मांडला: सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनांवर रेषा आखायच्या आणि मोजमाप त्यांच्या बाहेर गेलं की कारण शोधायचं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून 1947-48 च्या हिवाळ्यात शूहार्ट भारतात आले होते.

महालनोबिसांनी स्वतः 1936 मध्ये दिलेलं अंतराचं सूत्र आजही संगणकीय बिघाडशोधात वापरलं जातं. टॉवेलचे फासे उंच असणं नेहमीचं, वजन थोडं कमी भरणंही नेहमीचं. पण उंच फासे आणि कमी वजन एकाच टॉवेलात आले, तर सूत बारीक लागलं असावं किंवा विणीत काही चुकलं असावं. मोजमापं सुटी पाहिली तर हा टॉवेल सहज निसटतो. त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं हिशेबात घेतल्यामुळं महालनोबिसांच्या सूत्रात तो सापडतो.

कापडातले दोष टिपणारे कॅमेरे विकणारे 99 टक्के अचूकतेचा दावा करतात तेव्हा एक हिशेब जरूर करावा. हजार टॉवेलांत एकच सदोष आहे आणि यंत्र सदोष-निर्दोष दोन्ही शंभरात 99 वेळा बरोबर ओळखतं, असं धरू. तरी 999 चांगल्या टॉवेलांपैकी दहाएकांवर ते शिक्का मारील. म्हणजे अकरा इशाऱ्यांत खरा एकच. असे इशारे आठवडाभर ऐकल्यावर माणूस यंत्राचा आवाजच बंद करतो. मोठा तोटा इथं होतो.

सोलापूर बिघाडशोधाच्या या विषयात आणखी एका वाटेनं येतं. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर 765 केव्ही वाहिनीनं दक्षिणेची वीजजाळी उरलेल्या देशाशी जोडली आणि सगळा देश 50 हर्ट्झच्या एकाच ठेक्यावर आला. जुलै 2012 च्या 30 आणि 31 तारखांना उत्तर भारतासह मोठा प्रदेश अंधारात गेला, तेव्हा दक्षिण वेगळ्या ठेक्यावर असल्यानं बचावली होती. आता मोठं जनित्र कुठंही बंद पडलं तरी त्याचा धक्का देशभर उमटतो. वीजजाळीवर नजर ठेवणाऱ्या जुन्या यंत्रणा काही सेकंदांनी एकदा नोंद घेत. आता बसवलेले फेजर मापक सेकंदाला 25 नोंदी घेतात, त्यामुळं वाढू लागलेलं आंदोलन वेळीच दिसू शकतं.

यंत्रमागाला इतक्या वेगाच्या नोंदी लागत नाहीत. कापड तपासनिसाला सापडलेल्या प्रत्येक दोषापुढं माग क्रमांक, बीम क्रमांक, पाळी आणि सुताचा लॉट लिहिला, तर महिन्याभरात कळू लागेल की फटी एकाच मागावर पडताहेत की एकाच लॉटच्या सुतात. मागाला दुरुस्ती लागते आणि सूत परत पाठवावं लागतं. कॅमेरा नुसता फट दाखवील. या दोहोंतलं काय करायचं, ते सांगायला ही वहीच लागेल.