छोट्या कुत्र्याचं खाण्याचं भांडं दिवसभर भरलेलं ठेवावं का?

"डॉक्टर, घरचाच कुत्रा आहे, मुलीला जरासा चावलाय. इंजेक्शन घ्यावंच लागेल का?" हा प्रश्न घेऊन बरीच कुटुंबं दवाखान्यात येतात. चावणारा बहुतेक वेळा पॉमेरियन किंवा पग असतो, आणि लहान मूल त्याच्या खाण्याच्या भांड्याजवळ गेलेलं असतं. अशा वेळी मी एक प्रश्न हमखास विचारतो: कुत्रा नीट जेवतोय का? त्यावर बहुतेक वेळा मिळणारं उत्तर असं: "भांडं भरलेलंच असतं, खात असेल की."

या "खात असेल"मुळेच हा लेख लिहितोय. मी माणसांचा डॉक्टर आहे. तुमच्या कुत्र्याचा आजार आणि औषधं पशुवैद्यकांनाच विचारा. पण घरात कुत्र्याला जेवण कसं दिलं जातं, याचे परिणाम माझ्या टेबलापर्यंत येतात, म्हणून त्याबद्दल बोलणं भाग आहे.

पूर्वी आपल्याकडे शेतातल्या किंवा दारातल्या कुत्र्याला घरची माणसं जेवली की भाकरीचा तुकडा मिळायचा. म्हणजे वेळ ठरलेली असायची, कुणी मुद्दाम ठरवली नव्हती इतकंच. पाकिटातलं कोरडं खाणं आलं आणि चित्र बदललं. ते लगेच आंबत नाही, वास मारत नाही, म्हणून सकाळी भांडं भरून कामाला जाणं सोपं झालं. बीड, अंबाजोगाई, परळीसारख्या गावांत फ्लॅटमध्ये किंवा छोट्या घरात कुत्रा पाळणाऱ्यांची हीच सोय आहे. त्यात वाईट हेतू काहीच नाही. "बिचारा उपाशी राहायला नको" हीच भावना असते.

पाच किलोच्या पोटाचा हिशोब

पाच किलो वजनाच्या मोठ्या झालेल्या, घरातच राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० ते ४०० कॅलरी पुरतात. आता आपल्या घरातलं माप लावून बघा. ६० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी म्हणजे सुमारे २०० कॅलरी. त्याच्या दिवसभराच्या जेवणाचा निम्मा वाटा एका भाकरीत संपला. चहाबरोबर दिलेली चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे आणखी ८०-९० कॅलरी. वर दिवसभर भरलेलं भांडं आहेच. आजोबा एक बिस्किट देतात, शाळेतून आलेला नातू एक देतो, रात्री कुणीतरी पोळीचा तुकडा टाकतं. भांडं सतत भरलेलं असेल, तर एकूण किती गेलं हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

पाच किलोच्या कुत्र्याचं वजन एक किलोनं वाढलं तर आपल्याला ते दिसतही नाही, उलट "गुबगुबीत झालाय" म्हणून कौतुक होतं. पण ती वाढ २० टक्क्यांची आहे. साठ किलोच्या माणसाचं वजन बहात्तर होण्यासारखी. पॉमेरियनसारख्या छोट्या जातींत श्वासनलिका सैल पडण्याचा आणि गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास मुळातच जास्त दिसतो. वजन वाढलं की दोन्ही बळावतात. पगचं नाक चपटं, त्याला श्वासाचा त्रास जन्मापासूनच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो, आणि लठ्ठ पगला नेमकं तेच नीट जमत नाही.

वजन आणि आयुष्य यांच्या संबंधाचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. अमेरिकेत लॅब्रॅडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं गेलं. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचा सांधेदुखीचा त्रासही उशिरा सुरू झाला. लॅब्रॅडोर मोठा कुत्रा आहे, त्यामुळे तेच आकडे पॉमेरियनला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्या अभ्यासातलं खाणं मोजलेलं होतं, ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

न जेवणं कळायला हवं

वजनापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. कुत्र्याला बोलता येत नाही. तो आजारी पडला की बहुधा सगळ्यात आधी त्याचं जेवण कमी होतं. आपल्या भागात गोचिडांमुळे होणारा ताप असो, पोटाचा त्रास असो की आणखी काही. सकाळी आठला भांडं ठेवलं आणि सव्वाआठलाही ते तसंच राहिलं, तर घरातल्या लहान मुलालाही कळतं की काहीतरी बिनसलंय. दिवसभर भरलेल्या भांड्यात हे कळायला दोन-तीन दिवस जातात.

चावलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर याला फार वजन आहे. कुत्रा चावल्यावर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगतात. तो जेवणं सोडतो का, अंधारात लपतो का, लाळ गळते का, आवाज बदलतो का, उगाच अंगावर येतो का. यातलं काहीही दिसलं किंवा तो मेला, तर ते लगेच डॉक्टरांना सांगायचं. म्हणून माझा तो प्रश्न, आणि म्हणून "खात असेल" हे उत्तर मला चालत नाही.

इथे एक गैरसमज होऊ देऊ नका. दहा दिवस वाट बघायची आणि मग लस घ्यायची, असा याचा अर्थ नाही. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, कुत्रा घरचा असला आणि त्याला लस दिलेली असली तरीही. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. कातडीत द्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ अशा दिवशी देतात. रक्त आलेलं असेल तर जखमेत सीरमही द्यावं लागतं. कुत्रा दहा दिवसांनंतरही ठणठणीत असेल, तर शेवटचा डोस द्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात. तुम्ही स्वतः ठरवू नका.

भांडं आणि रांगतं मूल

सतत भरलेलं भांडं म्हणजे कुत्र्यासाठी सतत राखायची वस्तू. सगळे कुत्रे असे नसतात, पण जे असतात ते दिवसभर पहारा देतात. रांगणाऱ्या बाळाचा चेहरा नेमका त्याच उंचीवर असतो, आणि चेहऱ्यावरचा चावा हा गंभीर चावा असतो. ठरलेल्या वेळी, कोपऱ्यात किंवा गॅलरीत जेवण दिलं आणि तेवढा वेळ मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवलं, तर हा धोका दिवसातून दोनदा पंधरा मिनिटांपुरता उरतो. "त्याला सवय व्हावी" म्हणून जेवताना भांड्यात हात घालणारे काही जण असतात. कृपया असं करू नका. त्यानं कुत्रा आणखी चिडका होतो.

रात्रभर उघड्यावर राहिलेलं खाणं उंदीर आणि झुरळांनाही बोलावतं. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, कुत्र्यालाही आणि आपल्यालाही. दूध-भाकरीसारखं ओलं खाणं तर आपल्या उन्हाळ्यात काही तासांत आंबतं.

मग बदल कसा करायचा? मोठ्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ दोनदा द्या. दिवसाचं माप सकाळीच एका डब्यात काढून ठेवा, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला किती उरलंय ते दिसेल. बिस्किटंही त्याच मापातून वजा करायची. भांडं पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि उरलेलं उचला. सुरुवातीचे एक-दोन दिवस तो नखरे करेल, अर्धवट खाईल. घरातल्या आजी विरघळतील. त्यांना आधीच सांगून ठेवा. मात्र पूर्ण दिवस त्यानं तोंडच लावलं नाही, तर तो नखरा समजू नका, पशुवैद्यकांना दाखवा. कांदा-लसूण घातलेला रस्सा आणि शिजवलेली हाडं कधीच नकोत. पाण्याचं भांडं तेवढं चोवीस तास भरलेलं हवं.

पिल्लांचा नियम वेगळा आहे. अगदी छोट्या जातीच्या पिल्लाच्या रक्तातली साखर फार वेळ उपाशी राहिल्यास धोकादायक खाली जाऊ शकते. त्याला तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा द्यावं. पिल्लू लटपटू लागलं, गार पडलं, मलूल झालं तर हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि दवाखान्यात न्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका. पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीसमोर मात्र खाणं कायम ठेवलेलं चालतं, तिची गरजच तेवढी असते. मधुमेहाचं इन्सुलिन चालू असलेल्या कुत्र्याच्या जेवणाच्या वेळा पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय बदलू नका.

आपलं माप बरोबर आहे की नाही हे बघायला महिन्यातून एकदा वजन करा. कुत्र्याला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकट्याचं वजन करून ते वजा करा. घरच्या काट्यावर पाव किलोचा फरक कळत नसेल, तर ओळखीच्या दुकानदाराचा काटा पाच मिनिटं मागून घ्या, खाली वर्तमानपत्र टाका. वजनाबरोबर बरगड्याही चाचपा. हलक्या हातानं त्या बोटांना लागायला हव्यात. दाबल्याशिवाय लागत नसतील, तर डब्यातलं माप थोडं कमी करा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वजन करा.