ओकच्या गाठीतील गांधीलमाशी आणि नव्या जातीचे वर्णन

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या विणकामासाठी ख्यात असलेले गाव आहे. कोसा हाताळणाऱ्याच्या दृष्टीने कोशावरील भोक ही क्षुल्लक बाब नव्हे. भोक पडलेल्या कोशातून अखंड धागा उकलत नाही. असा कोसा कातून जाडेभरडे सूत करावे लागते. परंतु भोके सर्व सारखी नसतात. कोशातील पतंग बाहेर येताना स्रावाने देठाकडील टोक मऊ करतो व तंतू बाजूस सारून वाट काढतो. याउलट, काही कोशांवर दातांनी कुरतडलेले गोल भोक आढळते. ते पतंगाचे नसून पतंगाला आतल्या आत खाऊन संपविणाऱ्या पिवळ्या गांधीलमाशीचे असते. झँथोपिंप्ला पिडेटर ही ती जाती होय. फाब्रिसिअसने १७७५ साली तिचे प्रथम वर्णन केले. कोश एकाचा, बाहेर पडणारा दुसराच, आणि भोक हा त्याचा साक्षीदार, असा हा प्रकार आहे.

महाराष्ट्रातील घराघरांत आढळणारी दुसरी एक वस्तू हीच गोष्ट सांगते. बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ हे नावाने फळ असले तरी वस्तुतः फळ नव्हे. पश्चिम आशियात वाढणाऱ्या क्वेर्कस इन्फेक्टोरिया ह्या ओक वृक्षाच्या कोवळ्या फांदीवर एका लहान गांधीलमाशीने अंडे घातल्यामुळे उद्भवलेली ती गाठ आहे. तिच्यात टॅनिनाचे प्रमाण मोठे असल्याने ती औषधात, कातडी कमाविण्यात व शाई करण्यात वापरली गेली. येथेही व्यापारी भोकाकडे पाहतो. आतील कीटक बाहेर पडण्यापूर्वी खुडलेले निळसर मायफळ उत्तम, आणि भोक पडलेले फिकट मायफळ हलके समजले जाते.

ह्या गाठींतील रहिवाशांना नाव कसे द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरकरणी तो सोपा वाटतो. गाठ आणावी, बाटलीत ठेवावी, जो कीटक निघेल त्याचे वर्णन करावे, आणि गाठ त्याने केली असे लिहावे. ह्या पद्धतीतील शेवटची पायरी चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे समजणे हाच ह्या विषयाचा गाभा होय.

गाठीचा कर्ता कोण, हा प्रश्न जुना आहे. मांसात अळ्या आपोआप उत्पन्न होत नाहीत हे प्रयोगाने दाखविणारा फ्रान्सेस्को रेदी १६६८ साली गाठींच्या बाबतीत मात्र फसला. गाठीतील कीटक वनस्पतीच्या जीवनशक्तीतूनच निपजतात, असे त्याने मानले. मार्चेल्लो माल्पिगी ह्याने १६७९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या विवेचनात बाहेरून आलेली मादी अंडनिक्षेपकाने वनस्पतीच्या ऊतीत अंडे घालते, हे निरीक्षणाने सिद्ध केले. दोघांनी एकच वस्तू पाहिली होती. एकाने भोकाच्या बाहेरचे पाहिले, दुसऱ्याने भोक पडण्यापूर्वीचे.

माल्पिगीनंतरही गुंता सुटला नाही, कारण एका गाठीत एकच कुटुंब राहत नाही. ओकवरील गाठी मुख्यतः सिनिपिडी कुलातील गांधीलमाश्या करतात. ह्या कुलाच्या सुमारे हजार जाती ओकवर आढळतात. गाठ करणारी माशी ही त्या घराची मिरासदार म्हणता येईल. तिच्या शेजारी उपरी येतात. सिनर्गस प्रजातीतील माश्या त्याच सिनिपिडी कुलातील असून दिसण्यात कर्तीच्या जवळच्या असतात. पण त्यांना स्वतःची गाठ उभारता येत नाही, म्हणून त्या दुसरीच्या गाठीत अंडी घालून तिच्याच पोषक ऊतीवर वाढतात. तिसरा वर्ग परजीवींचा. कॅल्सिडॉइडिया ह्या महाकुलातील अनेक माश्या अंडनिक्षेपक गाठीत खुपसून आतील अळीवर अंडी घालतात, आणि त्यांची अळी यजमानाला खाऊन त्याचा प्राण घेते. तेव्हा बाटलीत जी माशी निघाली ती मिरासदार, उपरी की मारेकरी, हे केवळ तिच्या निघण्यावरून ठरत नाही.

याहून मोठी अडचण पिढ्यांची. अनेक ओक-गांधीलमाश्यांत एक पिढी नर-मादींची असते, तर पुढची केवळ माद्यांची असून ती नराशिवाय प्रजनन करते. दोन्ही पिढ्यांच्या गाठी वेगळ्या जागी, वेगळ्या आकाराच्या, आणि माश्याही दिसण्यात भिन्न असतात. युरोपातील बायोरायझा पॅलिडा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. हिची एक पिढी फांदीवरील सफरचंदासारख्या गाठीतून येते. दुसरी पंखहीन पिढी मुळांवरील गाठीतून येते. पंखहीन मादीला पूर्वी बायोरायझा ॲप्टेरा हे वेगळे नाव होते. हेर्मान आडलर ह्याने गांधीलमाश्या पाळून, एका पिढीची अंडी दुसऱ्या जागी घालविली जातात हे पाहिले, आणि १८८१ साली अशा अनेक जोड्या एकाच जातीची दोन रूपे आहेत असे दाखवून दिले. कागदावर दोन जाती होत्या. झाडावर एकच होती.

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने ह्या अनुभवाची दखल घेतली आहे. गाठ, घरटे, कोश यांना संहिता प्राण्याचे 'कार्य' म्हणते. १९३० नंतर केवळ कार्यावर आधारलेले, म्हणजे कीटक हाती नसताना नुसत्या गाठीवरून दिलेले, नाव ग्राह्य धरले जात नाही. त्याच काळापासून नव्या नावासोबत ती जाती इतरांपासून कशाने वेगळी आहे हे सांगणारे वर्णनही आवश्यक ठरले. १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या जातीनामासाठी प्ररूप नमुना, म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचे बांधले जाते तो एक विशिष्ट कीटक, स्पष्टपणे नेमून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हेही नमूद करावे लागते. नावाला देह हवा, असा ह्या नियमांचा आशय आहे.

अलीकडील दोन उदाहरणे ही रीत प्रत्यक्षात कशी चालते हे दाखवितात. अमेरिकेच्या आग्नेय भागात ओकच्या कोवळ्या काड्यांत बॅसेटिया पॅलिडा ही गांधीलमाशी लहान कोठड्या करून वाढते व पूर्ण वाढ झाल्यावर साल कुरतडून बाहेर पडते. काही काड्यांत मात्र एक चमत्कारिक दृश्य संशोधकांना आढळले. भोक नेहमीपेक्षा लहान, आणि त्यात माशीचे डोके बुचासारखे अडकलेले. काडी उघडून पाहता डोक्यामागे तिचे शरीर खाणारी दुसरी अळी मिळाली. पाळून घेतल्यावर तिच्यातून निळसर-हिरव्या धातूच्या चकाकीची एक माशी निघाली, आणि ती यजमानाच्या डोक्यातूनच आरपार बाहेर आली. युलोफिडी कुलातील ह्या जातीचे युडेरस सेट ह्या नावाने २०१७ साली वर्णन झाले. भावाला पेटीत कोंडून मारणाऱ्या सेट ह्या प्राचीन इजिप्शियन देवतेवरून हे नाव घेतले आहे.

येथे विशेष लक्षात घ्यावे असे की, वर्णनकर्त्यांनी केवळ शृंगिका व पंखांची मोजमापे दिली नाहीत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या निबंधात त्यांनी प्रयोग मांडला. अडकलेल्या डोक्यावर सालीचा तुकडा लावला असता परजीवी आतच मरण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट झाले. यजमानाने आधी वाट कुरतडून न दिल्यास हा परजीवी स्वतः बाहेर पडण्यास फारसा समर्थ नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे लहान भोक व त्यातील डोके हे अपघाताने घडलेले नसून दोन जातींमधील संबंधाचा पुरावा ठरले. २०१९ साली हाच परजीवी ओकवरील इतर अनेक गांधीलमाश्यांवरही आढळला. पहिल्या वर्णनात 'एकाच यजमानावर राहणारी' असे घाईने लिहिले असते, तर ते दोन वर्षांत खोटे ठरले असते.

दुसरे उदाहरण न्यूरोटेरस वल्हाला ह्या जातीचे. टेक्सासमधील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठाच्या आवारातील ओकवर २०१८ साली तिचे नमुने मिळाले. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. वसंतातील एक पिढी फुलोऱ्याच्या गाठींतून काही आठवड्यांत निघते; दुसरी काडीच्या पेरांत सुमारे अकरा महिने दडून राहते. ह्या दोन्ही पिढ्या एकाच जातीच्या आहेत हे जनुकद्रव्याच्या तुलनेने सिद्ध झाल्यावर २०२२ साली वर्णन प्रसिद्ध झाले. आडलरने जे पाळून सिद्ध केले, तेच येथे पाळणे व जनुकद्रव्य ह्यांच्या जोडीने सिद्ध झाले. रोजच्या वाटेवरील झाडातही अज्ञात जाती असू शकते, ही गोष्टही ह्या उदाहरणावरून ध्यानात यावी.

आंधळगावच्या परिसरात ओक वाढत नाही. तेथील कोशाची अळी, अँथेरिया मायलिट्टा, ऐन व अर्जुन ह्यांच्या पानांवर पोसते. ओकच्या पानांवर पोसणारा कोसा मणिपुरात होतो. तेथे अँथेरिया प्रॉयली ही संकरित जाती पाळली जाते. परंतु गाठींचा प्रश्न भंडाऱ्यातही तोच आहे. ऐन व अर्जुनाच्या पानांवर ज्या गाठी येतात त्या गांधीलमाशीच्या नसून ट्रायोझा फ्लेचरी ह्या रसशोषक किडीच्या असतात. गाठी फार झाल्या की पान आकसते व कोशाच्या अळीच्या उपयोगाचे राहत नाही. अशी पाने बाटलीत ठेवल्यास त्यांतून कॅल्सिड वर्गातील इवल्या माश्याही निघू शकतात. ओकच्या ज्ञानावर विसंबून कोणी ह्या माश्यांनाच गाठीचा कर्ता ठरविले, तर तो रेदीची चूक तीन शतकांनंतर पुन्हा करील.

ही चूक केवळ पुस्तकी राहत नाही. ज्या माशीला गाठ करणारी समजून मारले जाईल ती गाठ करणाऱ्या किडीचा संहार करणारी असू शकते. आणि मग औषध फवारून आपण शत्रूला वाचवू व मित्राला मारू. याउलट कोशात शिरणारी झँथोपिंप्ला हीही परजीवीच, पण तेथे तिचा यजमान हे आपले धन आहे. 'परजीवी' हा शब्द उपकारकही नाही व अपकारकही नाही. यजमान कोण, ह्यावर तो निकाल अवलंबून असतो. म्हणून वर्णनात यजमानाचे नाव हे मोजमापांइतकेच काळजीने लिहावे लागते.

तेव्हा ह्या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने पुढील क्रम पाळावा. गाठी एकेक वेगळ्या नळीत ठेवाव्या. अनेक एकत्र ठेवल्यास कोण कशातून निघाले हे कायमचे हरवते. काही गाठी दर आठवड्यास चिरून आतील अळी कशावर पोसत आहे ते पाहावे. वृक्षाची जाती, गाठीची जागा, दिनांक व गाव प्रत्येक नमुन्यासोबत नोंदवावे. बाहेर पडण्याच्या भोकाचा आकार व कडा जपून ठेवाव्या. एका नमुन्यावर विसंबू नये. जातीतील स्वाभाविक भिन्नता अनेक नमुन्यांवरूनच कळते. शेवटी, ज्ञात जातींच्या वर्णनांशी व प्ररूपांशी तुलना केल्यावरच 'नवी जाती' हे शब्द लिहावे.

आंधळगावचा विणकर भोक पाहून कोशाची प्रत ठरवितो. जीवशास्त्रज्ञाला त्याच भोकावरून आत कोण राहिले, कोणाच्या जिवावर राहिले आणि कोण बाहेर आले, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. ती मिळाल्यावर नाव देणे हे काम तुलनेने लहान राहते.