आधी कुठे दुखलं? पोटदुखी आणि तिचा खरा पत्ता

मागचे दोन आठवडे भाग आला नाही, कारण मी अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन घरी आडवा होतो. आजचा भाग त्याबद्दलच. नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी बोललेलं थोडं नीट करून इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. तेव्हा हे वाचून स्वतःचं निदान करत बसू नका. दवाखान्यात काय सांगायचं आणि घरी किती थांबायचं नाही, एवढ्यासाठी हे वाचा.

तर झालं असं. शुक्रवारी रात्री बेंबीच्या आसपास दुखायला लागलं. नक्की बोट ठेवता येत नव्हतं, नुसतं बारीक, कुढत दुखणं. दुपारी ऑफिसजवळ मिसळ खाल्ली होती, त्यामुळे मनात लगेच ठरलं: पित्त. गोळी घेतली. आईला फोन केला तर ती म्हणाली, "ओवा चाव आणि बेंबीला हिंग लाव." तेही केलं. रात्री एक उलटी झाली. शनिवारी भूकच नव्हती आणि दुपारपर्यंत दुखणं उजवीकडे खाली सरकलं. आता मात्र बोट ठेवून दाखवता येत होतं. मी घरात पडलेली दुखण्याची गोळी घेतली आणि लॅपटॉप उघडला, कारण त्या रात्री रिलीज होती.

रविवारी सकाळी दुखणं एकदम कमी झालं. आईला म्हटलं, "बघ, तुझ्या ओव्याने काम केलं." संध्याकाळी अंगात ताप होता आणि अख्खं पोट दुखत होतं. रिक्षाने दवाखान्यात जाताना प्रत्येक स्पीडब्रेकरला डोळ्यांसमोर काजवे चमकले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आत्ता कुठे दुखतंय ते राहू दे. पहिल्यांदा कुठे दुखलं?" दुसरा प्रश्न, "येताना खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर दुखलं का?" सोनोग्राफी नंतर झाली, पण त्यांना अंदाज या दोन उत्तरांवरूनच आला होता. अपेंडिक्स फुटलं होतं. सकाळचा तो आराम औषधाचा नव्हता. सुजून ताठलेलं अपेंडिक्स फुटलं की आतला ताण सुटतो आणि कधी कधी थोडा वेळ बरं वाटतं. मग पू आणि जंतू पोटात पसरतात. शनिवारी गेलो असतो तर एक-दोन दिवसांत घरी आलो असतो. त्याऐवजी पोटात नळी घालून सहा दिवस काढले.

दुखतं एकीकडे, बिघाड दुसरीकडे

अपेंडिक्स उजवीकडे खाली असतं, मग सुरुवातीला बेंबीपाशी का दुखतं? हा प्रश्न मला बेडवर पडल्या पडल्या छळत होता. आपल्या कामात हे रोजचंच आहे: एरर एका ठिकाणी दिसते आणि बग भलत्याच फाइलमध्ये असतो.

पोटात वेदना नेणाऱ्या नसा दोन प्रकारच्या. आतड्यांसारख्या अवयवांच्या नसा ताण आणि सूज कळवतात, पण नेमकी जागा सांगत नाहीत. अपेंडिक्सच्या नसा मज्जारज्जूत साधारण छातीच्या दहाव्या पातळीला पोचतात. बेंबीभोवतीच्या कातडीच्या नसाही तिथेच येतात. मेंदूला वाटतं, दुखतंय ते बेंबीपाशी.

पोटाच्या भिंतीला आतून एक पातळ अस्तर असतं. त्याच्या नसा मात्र चोख पत्ता देतात. अपेंडिक्सची सूज या अस्तराला भिडली की दुखणं उजवीकडे खाली 'सरकतं'. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली ही जागा नेमकी सांगितली: उजव्या बाजूच्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे एक रेघ ओढा, तिच्या पहिल्या एक तृतीयांश अंतरावर. सुजलेलं अस्तर हलल्यावर कळ येते, म्हणून तो स्पीडब्रेकरचा प्रश्न.

ढोबळ नकाशा

जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड यांचं दुखणं सहसा बेंबीच्या वर जाणवतं. लहान आतडं आणि अपेंडिक्स यांचं बेंबीभोवती, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं बेंबीखाली. त्यापुढे काही ओळखीच्या तऱ्हा:

- उजवीकडे बरगड्यांखाली, तेलकट-तुपकट जेवणानंतर, कधी उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत: पित्ताशयातले खडे.
- वर मध्यभागी, थेट पाठीत जाणारं, पुढे वाकून बसलं की जरा बरं: स्वादुपिंडाची सूज. दारू आणि पित्ताचे खडे ही तिची दोन मोठी कारणं.
- कुशीतून जांघेकडे उतरणारी कळ: मुतखडा. यात माणूस तळमळतो, एका जागी बसत नाही. अस्तर सुजलेला माणूस उलट हलायलाच तयार नसतो. हा फरक घरच्यांनाही दिसतो.
- स्त्रियांमध्ये पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला दुखलं, तर गर्भ नळीत रुजल्याची शंका आधी दूर करावी लागते. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो, जिवावर बेततं.
- मुलगा लाजून नुसतं "पोट दुखतंय" म्हणतो, पण दुखणं वृषणाला पीळ पडल्याचं असू शकतं. तिथे काही तासांचाच खेळ असतो.

आणि एक तर पोटाचं दुखणंच नाही. हृदयाच्या खालच्या भागाला झटका आला की कधी कधी छातीखालच्या खळगीत जळजळतं. आपल्याकडे बेंबीच्या वरच्या सगळ्या दुखण्याला 'पित्त' हे एकच नाव आहे, त्यामुळे घाम सुटलेला, धाप लागलेला माणूसही सोडा पीत बसतो. वय जास्त असेल, मधुमेह असेल, तर आधी ईसीजी काढा.

डॉक्टरांना काय सांगायचं

"पोट दुखतंय" एवढंच नको. सुरू कधी आणि कुठे झालं, मग कुठे गेलं, सतत आहे की लाटेसारखं येतं-जातं, हललं की वाढतं का, जेवण, उलटी, शौच, लघवी, पाळी यांचं काय, आणि घरी कोणती गोळी कधी घेतली. मी शनिवारची गोळी सांगायचीच विसरलो होतो. तिने दुखणं आणि ताप दोन्ही झाकलं असणार.

कधी थांबायचं नाही

दुखणं काही तास सतत आहे आणि वाढतंय, जागा बदलून एकीकडे स्थिरावलंय, पोट फळीसारखं कडक झालंय, ताप आहे, उलट्या थांबत नाहीत, उलटीत किंवा शौचात रक्त आहे, शौच-वारा दोन्ही बंद आहे, चक्कर येतेय: यातलं काहीही असलं तर घरगुती प्रयोग बंद. एरंडेल तर नकोच, सुजलेल्या अपेंडिक्सला जुलाबाचं औषध धोक्याचं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

आईला अजून वाटतं की तिच्या ओव्यामुळे उशीर झाला. तसं नाही. ओवा चावायला पाच मिनिटं लागतात, बाकीचे दोन दिवस मी घालवले. तिला मी आता एवढंच सांगितलंय: पुढच्या वेळी कुणी पोट दुखतंय म्हणून फोन केला, तर ओवा सांगायच्या आधी विचार, "आधी कुठे दुखत होतं, आणि आता कुठे दुखतंय?"

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.