परागगोळीवरून माशीची आवड कळते का?

सह्याद्रीच्या जंगलात आग्या आणि सातेरी एकाच टापूत सापडतात. दोघींच्या पायांवरच्या परागगोळ्या गोळा करायच्या, स्लाइड बनवायच्या, कण मोजायचे आणि लिहून टाकायचं: ‘सातेरीची पसंती जांभळाला’. पण माशीने ते निवडलं, की तिला तेच मिळालं?

मार्च-एप्रिलमध्ये जांभळं एकदम फुलतात. समजा, सातेरीच्या निम्म्या गोळ्या जांभळाच्या निघाल्या. आसपासच्या एकूण फुलोऱ्यातही निम्मं जांभूळच असेल, तर तिने काही निवडलं असं म्हणता येत नाही. म्हणून ट्रान्सेक्टवर दर पंधरवड्याला कोणतं झाड किती फुललं, याची नोंद हवीच. काम कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय ‘निवड’ हा शब्द वापरू नका.

आता ‘आसपास’ म्हणजे किती? खरी गोम इथेच आहे. सातेरी बहुतेक वेळा एक-दीड किलोमीटरच्या आतच फिरते. आग्या त्याहून बरीच लांब जाते, चांदण्या रात्रीही बाहेर पडते. तिच्या गोळीत जंगलाबाहेरच्या शेतातला पराग निघाला, तर ती आवड की नुसता मोठा टापू? दोघींना एकच ट्रान्सेक्ट लावला की उत्तर तिथेच बिघडतं.

नमुने घेतानाही घोळ होतो. सातेरीच्या पेटीच्या दाराशी परागसापळा बसवता येतो. आग्याचं पोळं उघडं टांगलेलं, त्याला दारच नाही. मग पोळ्यात साठवलेला पराग घेतला जातो. तो अनेक दिवसांचा असतो, गोळी मात्र एका फेरीची. या दोन्हींची तुलना करून ‘आग्याचा आहार जास्त विविध’ म्हणणं म्हणजे महिन्याचा किराणा आणि आजचा डबा शेजारी ठेवणं. त्यापेक्षा परतणाऱ्या माश्या जाळीने पकडा, दोन्ही जातींच्या, एकाच दिवशी.

एका फेरीत माशी सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते. म्हणजे एका गोळीतले 300 कण मोजले तरी निरीक्षण एकच. एका वसाहतीच्या 50 गोळ्या घेतल्या तरी वसाहत एकच. शिवाय जांभळाचा कण अगदी लहान, कारवीचा मोठा. व्यास 4 पट असला तर घनफळ 64 पट होतं. आहाराबद्दल बोलायचं असेल तर घनफळ काढा.

आणि जांभूळ भरात असतानाही सातेरी एखाद्या विरळ झुडपाचा पराग सतत आणत असेल, तर ती गोळी बाजूला ठेवा. निवडीचा शोध तिथून सुरू करता येईल.