लू, घाम आणि प्रवास : उन्हाळ्यातील दिल्ली सुखरूप कशी पाहावी?

शाळांना सुटी लागली, की मराठी कुटुंबांना उत्तरेचे वेध लागतात. कोणी वैष्णोदेवीला निघतो, कोणी हरिद्वार-ऋषिकेशला, तर कोणी सिमला-मनालीला. रजा प्रवास सवलतीचा लाभ घेणारे आमचे कर्मचारी आणि निवृत्तीनंतर निवांतपणे देश पाहू इच्छिणारे आमचे ज्येष्ठ ग्राहकही त्यांत मोठ्या संख्येने असतात. या बहुतेक प्रवासांत दिल्ली हा मधला मुक्काम ठरतो. एक-दोन दिवसांत लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट पाहून घ्यावे, जमल्यास आग्र्याला जाऊन यावे आणि मग थंड हवेच्या ठिकाणी पोहोचावे, असा बेत आखला जातो. थंडीसाठी स्वेटर आणि कानटोप्या आठवणीने घेतल्या जातात. मधल्या दोन दिवसांच्या उन्हाची तयारी मात्र क्वचितच केलेली असते.

दिल्लीचे ऊन वेगळे का?

दिल्लीला समुद्राचा शेजार नाही. राजस्थानच्या वाळवंटावरून येणारे कोरडे, तप्त वारे मे आणि जून महिन्यांत दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद आणि फरीदाबाद या साऱ्या परिसरावरून वाहतात. यालाच तेथे 'लू' म्हणतात. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. गेल्या एकोणऐंशी वर्षांत तेथे पारा एवढा चढला नव्हता. त्याच दिवशी शहराच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. तेथील संवेदक सुमारे तीन अंश अधिक दाखवत होता, असे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. परंतु ते तीन अंश वजा केले, तरी उरणारा आकडा माणसाला सहन होण्याजोगा नाही.

मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याच्या माणसाला उन्हाळ्याची सवय असते, ती घामाच्या धारांची. सदरा अंगाला चिकटला, की आपले शरीर पाणी गमावत आहे हे त्याला कळते. दिल्लीच्या मे महिन्यात ही खूण नाहीशी होते. हवा इतकी कोरडी असते, की घाम येताक्षणी उडून जातो. त्वचा कोरडी राहते, माणूस म्हणतो, "आपल्याकडच्यासारखी चिकचिक नाही, बरे आहे!" आणि त्याच वेळी तो नकळत पाणी गमावत असतो. चंद्रपूर, नागपूर किंवा ब्रह्मपुरीचा माणूस या बाबतीत अधिक शहाणा असतो. डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय तो दुपारी उंबरा ओलांडत नाही.

जून सरता सरता दिल्लीची हवा दमट होऊ लागते. तेव्हा तापमापकावरील आकडा थोडा उतरतो, पण घाम वाळेनासा होतो आणि पाण्यावर चालणारे कूलरही निष्प्रभ ठरतात. म्हणून केवळ आकड्यावर विसंबणे योग्य नव्हे.

शरीरात नेमके काय घडते?

आपल्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखण्याचे काम मेंदूतील एक छोटे केंद्र करते. शरीर तापू लागले, की ते त्वचेकडील रक्तप्रवाह वाढवते आणि घर्मग्रंथींना कामाला लावते. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. बाहेरची हवाच शरीरापेक्षा गरम असेल, तर उष्णता बाहेर टाकण्याचा हा एकच मार्ग उरतो.

शरीरातील पाणी कमी झाले, की हा मार्गही बंद पडू लागतो. प्रथम थकवा, डोकेदुखी, मळमळ, पायांत गोळे अशी लक्षणे दिसतात. या पायरीवर सावली, पाणी आणि विश्रांती मिळाली, तर माणूस सावरतो. तसे झाले नाही आणि शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाऊन मेंदूवर परिणाम होऊ लागला, की तो उष्माघात. मग मूत्रपिंड, यकृत, हृदय ही इंद्रिये एकामागून एक निकामी होऊ शकतात.

प्रवासात धोका अधिक का?

१० जून २०१९ रोजी दिल्लीच्या पालम केंद्रावर ४८ अंशांची नोंद झाली. त्याच दिवशी वाराणसी आणि आग्रा पाहून तमिळनाडूकडे परतणाऱ्या एका मोठ्या यात्रेकरू गटातील चार वयोवृद्ध प्रवासी केरळ एक्स्प्रेसच्या शयनयान डब्यात आग्रा-झाशी दरम्यान उष्म्याने दगावले. पुण्याहून दिल्लीला जाणारी झेलम एक्स्प्रेस किंवा गोवा एक्स्प्रेस याच मार्गाने धावते, त्यामुळे भोपाळच्या पुढचा हा पट्टा आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. दुपारी पत्र्याचा डबा तापतो, खिडकीतून येणारा वारा थंडावा देण्याऐवजी भाजून काढतो आणि गर्दीत जागेवरून हलताही येत नाही. त्यात स्वच्छतागृहाला जावे लागू नये म्हणून अनेक ज्येष्ठ प्रवासी, विशेषतः महिला, पाणी पिणेच कमी करतात.

उष्माघाताला ४८ अंशच लागतात, असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यासाठी जमलेल्या जनसमुदायातील चौदा जणांचा उष्म्यामुळे मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातील तापमान सुमारे ३८ अंश होते. उघडे मैदान, माथ्यावरचे ऊन, दमट हवा आणि तासन्‌तास एका जागी बसणे या गोष्टी एकत्र आल्या, की चाळिशीच्या आतला पाराही घातक ठरतो.

आणखी एक कारण सवयीचे. नव्या हवामानातील उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. पर्यटकाचा मुक्काम दोन दिवसांचा असतो. ज्या उन्हात दिल्लीकर रिक्षाचालक काम करताना दिसतो, ते ऊन पाहुण्याला झेपेलच असे नाही. परीक्षेसाठी राजेंद्रनगर किंवा मुखर्जीनगर भागात राहावयास जाणाऱ्या मराठी मुलामुलींनीही पहिला आठवडा जपून काढावा.

निघण्यापूर्वी

शक्य असल्यास दिल्लीदर्शन ऑक्टोबर ते मार्च या काळात ठेवावे. मे-जूनमध्येच जावे लागत असेल, तर पोहोचल्याचा पहिला दिवस विश्रांतीसाठी राखावा. हवामान खात्याचा अंदाज रोज पाहावा. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक चढले, अथवा पारा ४५ अंशांवर गेला, की उष्णतेची लाट मानली जाते. लाल रंगाचा इशारा असेल, त्या दिवशीचा दुपारचा बेत सरळ रद्द करावा. आगाऊ भरलेले तिकिटाचे पैसे बुडतील म्हणून उन्हात जाणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह यांची औषधे घेणाऱ्यांनी प्रवासापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या काही गोळ्यांमुळे शरीरातील पाणी कमी होते, तर काही औषधांमुळे घाम कमी येतो. मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. इन्शुलिन उभ्या मोटारीत ठेवू नये.

दिल्लीत फिरताना

दिल्लीतील दिवसाचे तीन भाग करावेत. सकाळी लवकर उघड्यावरची स्थळे पाहावीत. कुतुबमिनार किंवा हुमायूनची कबर सकाळच्या कोवळ्या उन्हातच शोभून दिसते. साधारण अकरा ते चार हा वेळ छपराखाली काढावा : मुक्कामी विश्रांती घ्यावी किंवा एखादे संग्रहालय पाहावे. कर्तव्यपथ आणि इंडिया गेट संध्याकाळसाठी ठेवावेत. लाल किल्ला आणि जामा मशीद यांचे दगडी आवार दुपारी तव्यासारखे तापते. पादत्राणे काढावी लागणार असतील, तर जवळ पायमोजे असावेत. ताजमहाल पाहावयाचा असल्यास पहाटे निघावे. शुक्रवारी तो बंद असतो, हेही ध्यानात असू द्यावे.

वातानुकूलित मेट्रो हा दिल्लीतील प्रवासाचा सर्वांत सुखद मार्ग आहे. तिच्यातून बाहेर पडताना मात्र सावलीत दोन मिनिटे थांबावे, घोटभर पाणी प्यावे आणि मग पुढे निघावे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत लहान मुलांना किंवा वृद्धांना क्षणभरही एकटे ठेवू नये. बंद काचांच्या आतले तापमान काही मिनिटांतच जीवघेण्या पातळीवर जाते. सैलसर, फिक्या रंगाचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी किंवा ओला पंचा आणि छत्री जवळ असावी.

पाणी किती, कोणते?

तहान लागण्याची वाट पाहू नये. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडे थोडे पाणी प्यावे. लघवीचा रंग गडद पिवळा होणे ही पाणी कमी पडल्याची सोपी खूण आहे. घामावाटे क्षारही जातात, म्हणून ताक, लिंबू सरबत, कैरीचे पन्हे, कोकम सरबत उपयोगी पडते. दिल्लीत शिकंजी आणि बेलफळाचे सरबत जागोजागी मिळते, पण त्यातील पाणी आणि बर्फ स्वच्छ असल्याची खात्री करून घ्यावी. चहा-कॉफी बेतानेच घ्यावी, मद्य पूर्ण टाळावे.

जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत आणि पाकिटावर सांगितले असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवावीत. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असल्याच साध्या द्रावणाने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांना वाचवले होते. जलसंजीवनीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोड पेयांपासून सावध राहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाणी आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

खिशात कांदा ठेवण्याची प्रथा दिल्लीतही आहे आणि आपल्याकडेही. त्याने अपाय काही नाही, पण कांदा आहे म्हणून टोपी आणि पाणी विसरले, तर मात्र अपाय आहे.

उष्माघात झाल्यास

सहप्रवासी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली आणि अंग चटका बसेल इतके तापलेले असले, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये, घाम येत असतानाही उष्माघात होऊ शकतो. अशा वेळी :

• ११२ क्रमांकावर मदत मागावी. रेल्वेत असल्यास १३९ क्रमांकावर कळवावे.

• रुग्णाला सावलीत आडवे करून जाडजूड कपडे काढावेत किंवा सैल करावेत.

• मदतीची वाट पाहत बसू नये. अंगावर गार पाणी ओतावे, ओल्या कापडाने अंग झाकावे आणि जोराने वारा घालावा. नुसता पंखा पुरेसा नाही, अंग ओले हवे. बर्फ मिळाल्यास कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवावा.

• शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये, रुग्णाला कुशीवर वळवावे.

• तापाच्या गोळ्या देऊ नयेत. हा जंतुसंसर्गाचा ताप नव्हे, त्यामुळे त्यांचा उपयोग होत नाही, उलट अपाय होऊ शकतो.

या साऱ्याचे सार एकच : आधी अंग थंड करावे, मग रुग्णालयाकडे न्यावे. नवी दिल्लीतील डॉ. राममनोहर लोहिया रुग्णालयाने मे २०२४ मध्ये उष्माघाताच्या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू केला. तेथील मुख्य साधन म्हणजे बर्फाच्या पाण्याने भरलेला टब. रुग्णाला त्यात बुडवून शरीराचे तापमान झपाट्याने खाली आणले जाते. जे काम तेथे टब करतो, तेच काम पहिल्या अर्ध्या तासात फलाटावरील नळ आणि एक बादली करू शकते.

गटाने प्रवास करताना एक छोटा नियम पाळावा. प्रत्येक ज्येष्ठ व्यक्तीसाठी आणि प्रत्येक मुलासाठी गटातील एक जण नेमून द्यावा. त्याने दर तासाला त्यांना पाणी पाजावे आणि दोन शब्द बोलावे. उष्माघाताची पहिली खूण बोलण्यात उमटते आणि ती स्वतः रुग्णाला कळत नाही, शेजारच्याला कळते.